पाडव्याला खिडक्या, दिवाळीला पिशवी
ईस्ट कोस्टच्या मराठी कुटुंबांना खुलं पत्र



काटोंग, मरीन परेड, सिगलॅप, बेशोर, बेडोक साउथ या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना हे पत्र लिहिते आहे. गणपतीत, दिवाळी पहाटेला, मुलांच्या वाढदिवसांना आपण एकमेकांना भेटतो, त्यामुळे फार प्रस्तावना न करता मुद्द्यावर येते. वादळी पावसासाठी आपली घरं तयार नाहीत. त्याहून मोठी तक्रार अशी, की ती तयार नाहीत याचं आपल्याला काही वाटतही नाही.

विषय काढला की एकच उत्तर मिळतं : "सिंगापुरात काही होत नाही गं." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की त्याचा आता राग येतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम दीड अंशावर राहतो आणि इतक्या जवळ चक्रीवादळ सहसा तयार होत नाही, हे खरं. पण 27 डिसेंबर 2001 ला 'वामेई' नावाचं वादळ शेजारच्या जोहोरच्या किनाऱ्यावर आदळलंच. सिंगापुरात आजवरचा एका दिवसातला सर्वाधिक पाऊस 2 डिसेंबर 1978 चा, 512.4 मिलिमीटर. त्या पुरात माणसं गेली. आणि आपल्या अगदी दाराशी घडलेलं सांगायचं, तर 8 जानेवारी 2018 च्या सकाळी काही तासांत पूर्व भागात 118.8 मिलिमीटर पाऊस झाला, जानेवारीच्या सरासरीच्या निम्मा. बेडोक नॉर्थ अ‍ॅव्हेन्यू 4 आणि अप्पर चांगी रोडवर पाणी भरलं. जानेवारी 2025 मध्ये 10 आणि 11 या दोन दिवसांत चांगीला 255.2 मिलिमीटर पडला, म्हणजे अख्ख्या महिन्याच्या सरासरीपेक्षा जास्त. त्याच वेळी काटोंगजवळच्या जालान सीव्ह्यूमध्ये रस्त्यावर पाणी आलं. आपल्यापैकी काही जण त्याच रस्त्यावरून मुलांना क्लासला नेतात.

मुंबईचा 26 जुलै 2005 आपल्यातल्या कितीतरी जणांनी अंगावर झेललेला आहे. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या आकड्यापुढे इथले आकडे लहान वाटतात, हे मी समजू शकते. पण आपण ज्या जमिनीवर राहतो तिचा विचार करा. 1966 पासून पुढची दोन दशकं टेकड्या कापून, समुद्रात भराव टाकून ईस्ट कोस्टची 1,525 हेक्टर जमीन तयार केली गेली. मरीन परेडची वसाहत त्याच भरावावर उभी आहे. ईस्ट कोस्ट पार्क आणि ईसीपी हा महामार्गसुद्धा. आपल्या भागातलं पावसाचं पाणी सिगलॅप कॅनॉल, बेडोक कॅनॉल अशा कालव्यांतून समुद्रात जातं. समुद्राला भरती असेल त्या वेळी कालव्याच्या तोंडाशीच पाणी चढलेलं असतं, मग वरून आलेल्या पाण्याला उतार मिळत नाही. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच तासाला आली की सखल रस्ते तुंबतात. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आपण मात्र चौदाव्या मजल्यावरून समुद्राचा फोटो काढतो आणि भरतीची वेळ कधी बघत नाही.

इथलं सरकार हा धोका हलक्यात घेत नाही. आपल्या किनाऱ्यासमोर सुमारे 800 हेक्टरचं 'लाँग आयलंड' उभं करण्याचा विचार नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर झाला, तो समुद्राची पातळी वाढणार हे गृहीत धरूनच. कालवे रुंद केले जातात, झाडं छाटली जातात, पावसाचे इशारे मोबाइलवर येतात. ही यंत्रणा मनापासून काम करते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ती आपल्या उंबरठ्यापर्यंत येते. उंबरठ्याच्या आत खिडकी लावणं, औषधाची पिशवी भरून ठेवणं, आईला फोन कसा लावायचा ते शिकवणं ही कामं कोणतंही खातं करणार नाही. आपण ती इमारतीच्या मॅनेजमेंटवर, घरमालकावर, घरकाम करणाऱ्या हेल्परवर आणि नशिबावर सोपवून मोकळे झालो आहोत.

आता एकेक गोष्ट सांगते.

पहिली खिडक्यांची. इथल्या वाऱ्याचा सगळ्यात मोठा तडाखा 'सुमात्रा स्क्वॉल'चा. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात रात्री सुमात्रा आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवर ढगांची रांग तयार होते, ती पूर्वेकडे सरकते आणि पहाटे किंवा सकाळी सिंगापूरवर येते. वारा ताशी 40 ते 80 किलोमीटर, कधी त्याहूनही जास्त. 25 एप्रिल 1984 ला तेंगाह इथं ताशी 144.4 किलोमीटरचा झोत नोंदवला गेला होता. अलीकडचा 17 सप्टेंबर 2024 चा स्क्वॉल तुम्हाला आठवत असेल. त्या संध्याकाळी वाऱ्याचा वेग ताशी 83 किलोमीटरवर गेला आणि बेटभरात तीनशेहून जास्त ठिकाणी झाडं उन्मळली, फांद्या कोसळल्या. म्हणजे तो पहाटेच येईल असंही नाही.

अशा वाऱ्यात उघडी राहिलेली खिडकी कशी वागते ते जवळून पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये बाहेर उघडणाऱ्या खिडक्या आहेत. पाखं ज्या पट्ट्यांवर तोललेलं असतं त्या पट्ट्या रिव्हेटनी चौकटीला जोडलेल्या असतात. जुने रिव्हेट अ‍ॅल्युमिनियमचे असत. ते झिजतात, गंजतात, आणि एका झटक्यात पाखं सुटून खाली जातं. म्हणून 2004 पासून इथं अशा खिडक्यांचे रिव्हेट स्टेनलेस स्टीलचे करून घेणं घरमालकांवर कायद्याने बंधनकारक आहे. सरकत्या खिडक्यांना दोन्ही टोकांना अडसर आणि वर पट्टी असावी लागते, नाहीतर पाखं रुळावरून निसटतं. आपण बहुतेक जण भाड्याने राहतो आणि म्हणतो, "ते मालकाचं काम." मालक मेलबर्नला किंवा बुकित तिमाहला. खिडकी मात्र रोज आपण उघडतो, आणि ती पडली तर आपल्याच इमारतीखालून शाळेत निघालेल्या मुलावर पडेल. एजंटला लेखी कळवा, मान्यताप्राप्त खिडकीवाल्याला बोलावून रिव्हेट बघून घ्या. करारनाम्याचं नूतनीकरण करताना ही अट आधी मांडा, एसीच्या सर्व्हिसिंगची नंतर.

बाल्कनीत तर आपण संसारच मांडतो. तुळशीचं वृंदावन, कढीपत्ता, मिरच्या, मुलाची स्कूटर, कपडे वाळत घालायचा स्टँड, दिवाळीचा आकाशकंदील फेब्रुवारीपर्यंत. कठड्यावर ठेवलेली कुंडी सगळ्यात वाईट. तुळस जरूर लावा, पण कुंडी जमिनीवर, भिंतीच्या आडोशाला ठेवा. कपड्यांच्या काठ्या वारा सुटायच्या आधी आत घ्या. आणि देवघर खिडकीपाशी असेल तर आभाळ भरून आलं की निरांजन शांत करा. वाऱ्याने उडालेला पडदा ज्योतीवर यायला एक क्षण पुरतो.

एक सोय आपल्या बाजूची आहे, ती आपण वापरत नाही. स्क्वॉल पश्चिमेकडून येतो. जुरोंगला तो आधी पोचतो, आपल्याकडे नंतर. हवामान खात्याच्या रडारचं चित्र 'मायएन्व्ह' या अ‍ॅपवर दिसतं. जुरोंगवर लाल पट्टा आला की बेडोकच्या घरात खिडक्या लावायला, काठ्या आत घ्यायला वेळ मिळतो. पण तेवढ्यासाठी घरात कुणीतरी चित्र बघणारं हवं आणि कुणीतरी उठणारं हवं.

इथे मी माझ्या खऱ्या काळजीकडे येते. घरात असतं कोण? दोघंही नवराबायको रॅफल्स प्लेस नाहीतर चांगी बिझनेस पार्कला. मुलं शाळेत. घरी असतात पुण्याहून, नाशिकहून, साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आलेले आईवडील, आणि हेल्पर.

आमच्या इमारतीतल्या एका आजींची गोष्ट सांगते. मुलगा आणि सून ऑफिसला गेलेले, त्या एकट्याच घरात. वारा सुटला, बाल्कनीचं सरकतं दार त्यांना लावता येईना, कारण त्याची कडी आधी वर उचलून मग खाली दाबावी लागते, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. पाऊस हॉलभर आला. त्यात घरातला मुख्य स्विच पडला. वायफाय गेलं. त्यांचा फोन भारतातल्या कार्डावरचा, वायफाय असेल तरच व्हॉट्सअ‍ॅपवर चालणारा. मुलाला फोन लागेना. आजी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन ओल्या पायांनी उभ्या होत्या. त्यांना शेजारच्या चिनी आजोबांनी आपल्या घरात नेऊन बसवलं. कुणाला इजा झाली नाही. पण त्या बाईंच्या चेहऱ्यावरची भीती मी पाहिली आहे. सातारा जिल्ह्यात पंचेचाळीस वर्षं संसार केलेली, विहिरीचं पाणी काढलेली, पुरात गुरं सोडवलेली बाई होती ती. तिला आपण इथे आणून एका काचेच्या खोलीत असहाय करून ठेवलं.

तुमच्या घरात आईवडील असतील तर कृपा करून ही कामं या आठवड्यात करा. त्यांच्या फोनमध्ये इथलं साधं प्रीपेड कार्ड घाला, म्हणजे वीज आणि वायफाय गेलं तरी फोन लागेल. प्रत्येक खिडकी आणि दार त्यांच्याच हाताने उघडून-लावून घ्या. तुम्ही लावून दाखवलं म्हणजे त्यांना येतं असं समजू नका. मेन स्विचची पेटी कुठे आहे ते दाखवा, आणि हात किंवा जमीन ओली असताना तिला हात लावायचा नाही हेही सांगा. फ्रिजवर एक कागद लावा, मोठ्या देवनागरी अक्षरांत. वर 995 : अ‍ॅम्ब्युलन्स आणि आग. खाली 999 : पोलीस. त्याखाली आपला पत्ता, इंग्रजी उच्चार देवनागरीत लिहून : ब्लॉक अमुक, युनिट तमुक, पोस्टल कोड हे सहा आकडे. इथला सहा आकडी पोस्टल कोड थेट इमारत सांगतो. आईला बाकी काही बोलता आलं नाही आणि तेवढे सहा आकडे व युनिट नंबर सांगता आला, तरी मदत दारापर्यंत पोचेल. एकदा त्यांच्याकडून तो कागद मोठ्याने वाचून घ्या.

वादळात लिफ्ट वापरायची नाही, आत अडकलं तर घंटेचं बटण दाबून थांबायचं, दार ओढायचं नाही, हे सांगा. महिन्याच्या पहिल्या तारखेला दुपारी 12 वाजता सार्वजनिक भोंग्यांची चाचणी होते, आणि 15 फेब्रुवारीला टोटल डिफेन्स डे असतो तेव्हाही भोंगा वाजतो. पहिल्यांदा ऐकणारी म्हातारी माणसं दचकतात. आधी सांगून ठेवलं तर त्यांना ओळखता येईल.

आणि हेल्पर. तिच्याबद्दल आपण घरोघर खूप बोलतो, तिच्याशी या विषयावर कधीच बोलत नाही. वादळाच्या वेळी घरातली सगळ्यात कर्ती व्यक्ती बहुधा तीच असते. तिला तिच्या भाषेत, लेखी, तेच सगळं द्या. खिडकीबाहेर वाकून काठी ओढायला तिला कधीही सांगू नका. कपडे उडाले तर उडू द्या. माणूस खाली पडला तर परत येत नाही.

पिशवीबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथल्या सिव्हिल डिफेन्स खात्याने 'रेडी बॅग'ची यादी केव्हाच करून दिली आहे : टॉर्च आणि बॅटऱ्या, प्रथमोपचाराची पेटी, रोजची औषधं, शिट्टी, कपड्यांचा एक जोड, कागदपत्रांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पाकिटात. आपल्या घरांसाठी तिच्यात थोडी भर घालावी लागेल. आईवडिलांची औषधं आपण भारतातून महिन्यांची आणतो. त्यातली आठवड्याभराची पिशवीत असू द्या, सोबत मूळ नावासकट चिठ्ठी, कारण भारतातलं ब्रँडचं नाव इथल्या डॉक्टरला कळेलच असं नाही. इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, ते निघताना घ्यायचं आहे हे पिशवीवरच लिहा. जादा चष्मा. सगळ्यांचे पासपोर्ट आणि पास एका जागी. थोडे रोख डॉलर, कारण वीज नसेल तर फोनवरून पैसे देणं चालत नाही. वीज इथे जात नाही असं आपण म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण 18 सप्टेंबर 2018 च्या मध्यरात्रीनंतर, वादळ नसतानाही, सुमारे 1 लाख 47 हजार ग्राहकांची वीज 38 मिनिटं गेली होती. तेवढ्या वेळात घरात मेणबत्ती शोधणाऱ्या म्हाताऱ्या माणसापेक्षा उशाशी टॉर्च असलेला माणूस सुरक्षित असतो.

पाणी साठवायची आपल्याला सवय आहे, ती इथे जपून वापरा. बादल्या भरून ठेवल्या की डासांची पैदास होते, आणि डेंगी या बेटावर वर्षभर असतो. बंद बाटल्यांत थोडं पिण्याचं पाणी ठेवा. पाऊस ओसरला की कुंड्यांखालच्या ताटल्या, काठ्यांच्या नळ्या रिकाम्या करा.

गाडीवाल्यांना एकच विनंती. बेसमेंटमध्ये पाणी शिरताना दिसलं तर गाडी काढायला खाली जाऊ नका. 20 ऑगस्ट 2021 च्या सकाळी पासिर रिस ड्राइव्ह 12 आणि टँपिनिस अ‍ॅव्हेन्यू 10 च्या चौकात गाड्या पाण्यात अडकल्या आणि आतल्या लोकांना सिव्हिल डिफेन्सच्या जवानांनी बाहेर काढलं. गुडघ्याएवढं वाहतं पाणी गाडी उचलतं. विम्याचे कागद मात्र आजच काढून वाचा, गाडीचे आणि घराचेही. घरमालकाचा विमा भाडेकरूच्या सामानाला लागू होत नाही, हे आपल्यातल्या अनेकांना नुकसान झाल्यावर कळतं.

ईस्ट कोस्ट पार्कात रविवारी सकाळी आपली मुलं सायकली घेऊन असतात, त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं. सिंगापुरात वीज जगातल्या बहुतेक शहरांपेक्षा जास्त पडते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिचे जोराचे महिने. आभाळ गडगडलं की आपण मुलांना झाडाखाली उभं करतो, पाऊस लागू नये म्हणून. रेन ट्रीची फांदी वाऱ्यात तुटते आणि वीज झाडावरच उतरते. फेब्रुवारी 2017 मध्ये बोटॅनिक गार्डन्समध्ये जुनं टेंबुसूचं झाड पडलं आणि आपल्या देशातून आलेल्या एका तरुण आईचा जीव गेला. त्या दिवशी वादळ मोठं नव्हतंच. गडगडाट ऐकला की पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जायचं, हे मुलांना तोंडपाठ करा. संकुलातल्या पोहण्याच्या तलावावर विजेच्या इशाऱ्याचा आवाज झाला की "पाच मिनिटं आणखी" म्हणणारी मुलं असतात, आणि त्यांना "ठीक आहे" म्हणणारे आपणच असतो.

शेवटची तक्रार आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांबद्दल. स्क्वॉल आला की दहा मिनिटांत चाळीस व्हिडिओ येतात. पडलेलं झाड, उडालेली छत्री, कुठल्यातरी दुसऱ्याच देशातला जुना पूर. "कुणाचे आईवडील घरी एकटे आहेत? मी खाली जाऊन बघते," असा निरोप मी क्वचितच वाचला आहे. प्रत्येक इमारतीतल्या मराठी घरांनी एक छोटी यादी करावी : कुणाकडे ज्येष्ठ आहेत, कोण दिवसा घरी असतं, कुणाकडे कुणाची जादा चावी आहे. त्या यादीत शेजारची मलय, चिनी, तमिळ कुटुंबंही असू द्या. त्या आजींना घरात नेणारे आजोबा कुठल्याच मराठी ग्रुपात नव्हते.

आणि आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना आग्रहाची विनंती. गणेशोत्सवात आपण नाटक बसवतो, पाककृतींच्या स्पर्धा घेतो, ते सगळं आनंदाचं आहे. त्यात एक सकाळ या कामाला द्या. सिव्हिल डिफेन्सतर्फे रहिवाशांना प्रथमोपचार आणि सीपीआर शिकवण्याची सोय आहे; तिथल्या माणसाला बोलवा आणि त्याचं बोलणं आईवडिलांना मराठीत समजावून सांगणारा एक जण शेजारी उभा करा. नाव नोंदणी माझ्यापासून सुरू करा.

कोकणात आगोटीला घरं शाकारली जायची, झडी बांधल्या जायच्या, सरपण आत घेतलं जायचं. जून 2020 मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरची वाडी झोपवली आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तेव्हा माणसं अशा बेगमीवरच तरली. ही शिस्त आपल्या रक्तातली आहे. इथे तिला तारीख नाही एवढंच, म्हणून मी दोन सुचवते. सुमात्रा स्क्वॉल एप्रिलपासून येऊ लागतात, तेव्हा गुढीपाडव्याला गुढी उभारण्याआधी खिडक्या, रिव्हेट आणि बाल्कनी तपासायची. ईशान्य मोसमी पाऊस वर्षाच्या शेवटी जोर धरतो, तेव्हा दिवाळीची झाडलोट करताना पिशवी उघडायची, जुनी औषधं आणि बॅटऱ्या बदलायच्या आणि फ्रिजवरचा कागद नव्याने लिहायचा.

पुढचा सण येईपर्यंत थांबू मात्र नका. आज रात्री जेवणं झाली की आईला हाक मारा आणि बाल्कनीचं दार तिच्या हाताने लावून घ्या.

आपली,
मरीन परेडची एक शेजारीण